नाम बाकची शिबंदी दोन-तीन दिवसांत कशी विरघळली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लाओसमधल्या नाम बाकला 'लाओसचं दिएन बिएन फू' म्हणतात. पण व्हिएतनाममधलं ते दिएन बिएन फू, 1954 मध्ये जिथे फ्रेंचांचा वेढलेला तळ पडला, छप्पन्न दिवस लढलं. नाम बाकला विमानं सरकारकडे होती, तोफा सरकारकडे होत्या, पाठीशी अमेरिका होती, आणि तरी जानेवारी 1968 मध्ये तो तळ दोन-तीन दिवसांत मोडला. असं का व्हावं? आणि खोऱ्यात वेढा पडलेली शिबंदी मुळात वाचवता येते का?

मी तोफखान्यातला नाही की पायदळातला नाही, हे आधी सांगतो. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे रसदवाल्यांत, माझी नोकरी गेली आणि त्यातली बरीच वर्षं ईशान्येत विमानातून राशन टाकण्यात गेली. त्यामुळे लढाईचा नकाशा समोर आला की हल्ल्याचे बाण मी नंतर बघतो. आधी बघतो की हे लोक खात काय होते, ते कुठून येत होतं आणि त्या वाटेवर कोणाची नजर होती. नाम बाकचं उत्तर मला तिथेच सापडतं. तळ पडला जानेवारीत. तो हातातून गेला त्याच्या कितीतरी महिने आधी, त्याचं तोंड एका धावपट्टीएवढं उरलं तेव्हा.

थोडा भूगोल सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. लुआंग प्रबांग हे राजाचं गाव. राजा सवांग वत्थना तिथे राहायचा. पंतप्रधान सुवन्ना फुमा आणि सरकारी कारभार खाली व्हिएंतियानला. लुआंग प्रबांगच्या जरा वर नाम ऊ नदी मेकाँगला मिळते. तिच्या अंगाने उत्तरेकडे साधारण शंभर किलोमीटर गेलं की नाम बाकचं भातखाचरांचं खोरं लागतं, चहूबाजूंनी डोंगर आणि दाट जंगल. तिथून ईशान्येला सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर दिएन बिएन फू. त्या खोऱ्यातलं पाणीसुद्धा वळणं घेत शेवटी नाम ऊलाच येऊन मिळतं. म्हणजे पाण्याची जी वाट तीच फौजेची वाट. 1953 च्या उन्हाळ्यात फ्रेंचांशी लढणाऱ्या व्हिएत मिन्हची, म्हणजे व्हिएतनामी कम्युनिस्टांची, फौज याच बाजूने लुआंग प्रबांगवर उतरली होती. तेव्हा नाम ऊच्या काठावरचं मुआंग खुआ नावाचं छोटं फ्रेंच ठाणं महिनाभर वेढ्यात झुंजलं आणि मे महिन्यात पडलं. फ्रेंचांनी पुढे नोव्हेंबरमध्ये दिएन बिएन फूला छत्रीधारी उतरवले त्यामागे लाओसचं हे दार बंद करायचा हेतूही होता. तो कसा फसला हे सगळ्यांना माहीत आहे.

तेच दार 1966 च्या ऑगस्टमध्ये लाओसच्या शाही सेनेने बंद करायला घेतलं, या वेळी नाम बाकला. खोरं फारसा विरोध न होता ताब्यात आलं. सगळे खूश झाले. मला त्यातली तारीख खटकते. ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा. लाओसच्या यादवीत एक ठरलेलं रहाटगाडगं होतं: पावसाळ्यात सरकारी फौजा विमानांनी पुढे सरकायच्या, कारण चिखलात उत्तर व्हिएतनामींचे ट्रक अडकून पडायचे, आणि नोव्हेंबरनंतर वाटा सुकल्या की व्हिएतनामी आणि त्यांचे साथीदार पाथेट लाओ, म्हणजे लाओसचे कम्युनिस्ट बंडखोर, पुढे यायचे. पावसाळ्यात मिळवलेलं ठाणं उन्हाळ्यात टिकलं तरच ते आपलं. नाम बाकने पहिला कोरडा हंगाम काढला. त्यामुळे वरच्यांना वाटलं, जमलं. दुसऱ्या हंगामात व्हिएतनामी तयारीने आले.

ही फौज होती कशी, तेही बघायला हवं. शाही सेनेची मोठी पथकं फ्रेंच धर्तीवर बांधलेली, तीन-तीन पलटणींचे 'फिरते गट'. फिरते हे नाव फक्त. फिरायला रस्ते नव्हते. देश पाच लष्करी विभागांत वाटलेला आणि प्रत्येक विभागाचा सेनापती आपापल्या मुलखाचा सुभेदारच जणू. दुसऱ्याच्या विभागात पलटण पाठवायची तर कोणी आपली चांगली पलटण देतो का? शिवाय हजेरीपटावर नावं असलेली पण प्रत्यक्षात नसलेली माणसं, ज्यांचा पगार मात्र वेळेवर उचलला जायचा, हा तिथला जुना रोग. नाम बाकच्या शिबंदीचे आकडे तीन हजारांपासून साडेसात हजारांपर्यंत सांगितले जातात, यातच सगळं आलं. रसदवाल्याला असा आकडा म्हणजे दुहेरी शिक्षा. कागदावरच्या माणसांचं राशन मागितलं जातं आणि विमानं त्या हिशेबाने उडतात. पण डोंगरावर रात्री पहारा द्यायला कागद उपयोगी पडत नाही.

अमेरिकी वकिलातीतही सगळ्यांना ही कल्पना पसंत नव्हती. लाओसमध्ये त्यांचं जे काही चाललं होतं ते छुप्या पद्धतीने, टोळ्यांच्या लढाईतून: डोंगराळ लोकांच्या तुकड्या, आज इथे तर उद्या तिथे. एका जागी ठाण मांडून बसणं म्हणजे शत्रूला आपला पत्ता लिहून देणं. पण उघडपणे बोलायची सोय कोणालाच नव्हती. 1962 च्या जिनिव्हा करारानुसार लाओस तटस्थ देश. तिथे आमची फौजच नाही, असं हनोई, म्हणजे उत्तर व्हिएतनामचं सरकार, म्हणायचं. आम्हीही लढत नाही, असं वॉशिंग्टन म्हणायचं. आणि करारावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं. आपले अधिकारी व्हिएंतियानला बसून अहवाल लिहीत होते. त्यांच्या हातात कागद होता, बाकी काही नव्हतं.

त्यातच घरातली भांडणं. शाही हवाई दलाचा प्रमुख थाओ मा आणि बाकीचे सेनापती यांचं जुनं वाकडं होतं. मालवाहू विमानं सेनापतींना आपल्या चोरट्या व्यापारासाठी हवी होती आणि हा गडी ती देत नव्हता. 21 ऑक्टोबर 1966 ला, म्हणजे नाम बाक घेऊन दोन महिने होतात न होतात तोच, त्याने आपल्या टी-28 या हलक्या लढाऊ विमानांनी व्हिएंतियानमधल्या लष्करी मुख्यालयावरच बाँब टाकले. बंड फसलं आणि तो आपल्या वैमानिकांसह थायलंडला पळाला. नाम बाक ज्या विमानांवर जगणार होतं त्या दलाचा अनुभवी प्रमुख आणि हाताशी आलेले वैमानिक एका सकाळीत गेले. पुढच्या वर्षी, 1967 मध्ये, व्हिएतनामी सुरुंगवाल्यांनी लुआंग प्रबांगच्या विमानतळावर दोनदा छापा घालून जमिनीवर उभी असलेली टी-28 जाळली. दिएन बिएन फूच्या वेळीही त्यांनी हनोई आणि हायफाँगजवळच्या विमानतळांवर असंच केलं होतं. वेढा नाम बाकच्या डोंगरांवर पडला असं नकाशात दिसतं. खरं तर तो लुआंग प्रबांगच्या धावपट्टीपासून सुरू झाला होता.

आता माझ्या आवडीचा विषय, हिशेब. तो जरा सविस्तर करतो, कारण पुस्तकांत तो एका ओळीत उरकलेला असतो.

एका माणसाला दिवसाला धान्य, डाळ, मीठ, तेल, डबाबंद काही आणि वेष्टण धरून दीड-दोन किलो वजन धरा. चार हजार माणसं असतील तर रोज सहा ते आठ टन. नाम बाकला येणाऱ्या विमानांपैकी एक होतं कॅरिबू. हे आमच्याही वायुदलात होतं, ईशान्येत मी त्यातून बरीच पोती ढकलली आहेत. आखूड धावपट्टीवर उतरणारं, दणकट, गुणी विमान. पण डोंगरात ते तीन टनांच्या आसपासच नेतं. म्हणजे नुसतं पोट भरायला रोज दोन-तीन खेपा. इथपर्यंत ठीक आहे.

खरी भूक तोफांची. 105 मिलिमीटर तोफेचा एक गोळा काडतुसासह एकोणीस किलोंच्या घरात जातो. पेटीत बांधला की पंचवीस-तीस किलो. सहा तोफांनी एका रात्रीत शंभर-शंभर गोळे उडवले तर पंधरा-अठरा टन संपले. सगळ्या शिबंदीने दोन दिवस खाल्लं असतं तेवढं एका रात्रीत. त्यात उखळी तोफांचे गोळे, काटेरी तारा, बॅटऱ्या, औषधं, पत्रे. परत जाताना जखमी न्यायचे. वेढा नसतो तेव्हा हे सगळं चालतं. वेढा आवळला की तोफा जास्त उडतात आणि विमानं कमी येतात. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात होतात, आणि तिथून शिबंदीचा हिशेब कधीच जुळत नाही.

धावपट्टी खोऱ्याच्या तळाशी, तोफा आणि गोदामंही खालीच, आणि भोवतीच्या डोंगरांवर ठाण्यांचं कडं. पण कडं विरळ होतं. दोन ठाण्यांच्या मधला डोंगर कोणाचा? दिवसा आपला, रात्री त्यांचा. 1967 च्या मध्यापर्यंत व्हिएतनामी त्या कड्याला भिडले होते आणि एकेका ठाण्यावर चढाया सुरू झाल्या होत्या. समोरच्या एका सोंडेवर एक उखळी तोफ आणि एक दुर्बीणवाला बसला की धावपट्टी संपली. ती ताब्यात घ्यायची गरजच नाही. विमान उतरलं, धूर उठला, दोन गोळे पडले, एवढं चार वेळा झालं की पाचव्या वेळी वैमानिक वरूनच फेरी मारून जातो. त्याला मी दोष देत नाही.

मग उरते छत्री. छत्रीने माल टाकणं बाहेरून फार देखणं दिसतं. टाकणाऱ्याला विचारा. खोऱ्यात वारा सकाळी एका दिशेला, दुपारी दुसऱ्या. मार चुकवायला उंचावरून सोडलं तर पोतं भलतीकडे जातं, खालून सोडलं तर विमान जातं. लाओसच्या उत्तरेकडच्या खोऱ्यांत जानेवारीत सकाळी धुकं इतकं बसतं की दुपारपर्यंत जमीन दिसत नाही. आणि ठाणी एकेक करून सुटत गेली की माल पडायची जागाही आक्रसत जाते. शेवटी तुम्ही टाकलेल्या मालातला वाटा शत्रूकडे जातो. तोच दारूगोळा, तेच गोळे. त्यांना रसदवाला फुकटात मिळतो.

एक आठवण सांगतो. लढाईची नाही, शांततेच्या काळातली आहे. 1980 चा पावसाळा, अरुणाचलातलं एक ठाणं, मराठा पलटणीची एक कंपनी, आणि सगळं राशन हवाई. ढगांमुळे अकरा दिवस विमान आलं नाही. साठा होता, कोणी उपाशी नव्हतं. मी वायरलेसवर रोज विचारायचो, रोज उत्तर यायचं, सब ठीक. बाराव्या दिवशी विमान गेलं, माल पडला. नंतर मी तिथे चालत गेलो तेव्हा साताऱ्याकडचे एक सुभेदारसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, पोटाला काय बी कमी पडलं न्हाई. पर सातव्या दिसापासनं पोरं पिकेटवरनं खाली दरीकडं बघायची सोडून वर आभाळाकडंच बघाया लागली बघा." मी त्या दिवसापासून साठ्याचे दिवस मोजायचं सोडलं नाही, पण त्याच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवू लागलो: शेवटचं विमान दिसून किती दिवस झाले. समोर शत्रू नसताना, पोट भरलेलं असताना हे होतं. नाम बाकच्या पोरांचं काय झालं असेल याचा अंदाज मला त्यावरून येतो.

डिसेंबर 1967 पासून फास घट्ट होत गेला. समोर आलेली फौज होती व्हिएतनामची 316 वी डिव्हिजन, 335 वी रेजिमेंट आणि सुरुंगवाल्यांची तुकडी. पाथेट लाओ सोबतीला. या 316 व्या डिव्हिजनचं नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. दिएन बिएन फूला पूर्वेकडच्या ज्या टेकडीसाठी महिनाभर रक्त सांडलं, जिला फ्रेंच एलियान-2 म्हणत आणि व्हिएतनामी ए-1, ती याच डिव्हिजनने शेवटी घेतली. चौदा वर्षांनी तीच डिव्हिजन, तसंच खोरं, तशीच खालची धावपट्टी. एका बाजूने त्या लढाईचा धडा पाठ केलेला; दुसऱ्या बाजूने तो कोणी शिकवलाच नव्हता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुख्य हल्ला झाला. बाहेरची ठाणी, मग धावपट्टी, मग मध्य. दोन-तीन दिवसांत सगळं संपलं. हातघाईची लढाई काही ठिकाणी झाली, पण मोठा भाग लढून पडला नाही, सुटून गेला. पाच-पाच, दहा-दहा जणांचे घोळके दक्षिणेकडे, लुआंग प्रबांगच्या दिशेने जंगलात शिरले. तोफा जागेवर राहिल्या, उखळी तोफा राहिल्या, दारूगोळ्याचे ढीग राहिले. म्हणजे शेवटच्या दिवशी दारूगोळा कमी होता असंही नाही! जेमतेम एक तृतीयांश माणसं पुन्हा सरकारी सेनेत परतली. बाकी मेली, पकडली गेली, किंवा गावी गेली.

आपल्याकडे एखादी गोष्ट पार बुडाली की 'पानिपत झालं' म्हणतात, आणि म्हणताना डोळ्यांसमोर 14 जानेवारीची एक दुपार असते. मला तरी त्याआधीचे अडीच महिने दिसतात, दाणावैरणीची वाट तुटलेले. नाम बाकही योगायोगाने जानेवारीच्या त्याच दिवसांत पडलं. फरक एवढाच की पानिपतावर भुकेलेली फौज चालून गेली आणि नाम बाकची फौज पांगली.

पांगली का, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा. याचं उत्तर 'लाओ सैनिक भित्रे' असं देणारे अमेरिकी अधिकारी तेव्हा होते, आजही काही लेखक तेच गिरवतात. मला ते आळशी उत्तर वाटतं. दिएन बिएन फूकडेच बघा. तिथेही शिबंदीतली मोठी संख्या लढाई सोडून नाम यूम नदीच्या काठच्या बिळांत जाऊन बसली होती; रात्री बाहेर पडून छत्रीने पडलेला माल पळवायची. त्यांना 'नाम यूमचे उंदीर' म्हणत. आणि आन-मारी नावाच्या ठाण्यावरचे थाई जमातीचे सैनिक 17 मार्चला धुक्यात सरळ निघून गेले. तेच का गेले? कारण त्यांची गावं त्याच डोंगरांत होती. फ्रेंचांच्या परदेशी पलटणीतला जर्मन किंवा त्यांच्या वसाहती पलटणींतला मोरोक्कन, अल्जेरियन शिपाई कुठे जाणार? तो बिळात बसला. ज्याला घर जवळ होतं तो घरी गेला.

नाम बाकला जवळपास प्रत्येकाचं घर चार-आठ दिवसांच्या चालीवर होतं. ही यादवी होती. समोरच्या पाथेट लाओवाल्याची भाषा तीच, देऊळ तेच, कदाचित मामाकडून नातंही निघेल. सापडलं तर गणवेश बदलून जीव वाचायची आशा होती. परक्या फौजेशी लढताना शरण जाणं महाग असतं. यादवीत ते स्वस्त असतं. अशा शिबंदीला जागेवर धरून ठेवायला एकच गोष्ट पुरते: आपल्यामागे कोणी आहे हा भरवसा. तो भरवसा म्हणजे विमानाचा आवाज, जखमीला उचलून नेणारं हेलिकॉप्टर, आणि रात्री वायरलेसवर ओळखीचा आवाज. हे तिन्ही धागे एकाच आठवड्यात तुटले की उरलेला दारूगोळा लोखंडच. रणनीतीवाले याला मनोबल म्हणतात आणि वेगळ्या प्रकरणात टाकतात. रसदवाल्याच्या वहीत ते वेगळं नसतं.

आता दुसरा भाग: वाचवता येते का? येते. आपल्याच सेनेने वाचवलेली आहे. 29 मार्च 1944 ला जपान्यांनी कोहिमा-इंफाळ रस्ता तोडला आणि इंफाळचं खोरं 22 जूनपर्यंत विमानांवर जगलं. ते का टिकलं? विमानं भरपूर होती, हे खरं. खोरं मोठं होतं आणि धावपट्ट्या एकाहून अधिक होत्या, हेही खरं. पण दोन गोष्टींकडे लोकांचं लक्ष जात नाही. एक, वेढा पडताच हजारो बिनलढाऊ माणसं परतीच्या विमानांतून बाहेर काढली. खाणारी तोंडं कमी केली. दोन, डोंगर सोडले नाहीत. नुंगशिगुमची टेकडी जपान्यांनी घेतल्यावर धावपट्ट्या त्यांच्या नजरेखाली आल्या, तेव्हा 13 एप्रिलला डोगरा शिपायांबरोबर रणगाडे त्या चढणीवर चढवून ती परत घेतली. रणगाडा तिथे चढू शकतो यावर जपान्यांचा विश्वासच बसला नसावा. आणि त्याच मोहिमेत, थोडं आधी, सांगशाकला काय झालं तेही बघा: 50 वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड, त्यात मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन, एका टेकडीवर पाण्यावाचून घेरलेली. टाकलेल्या मालातला बराचसा जपान्यांच्या हाती पडला. चार-पाच दिवस झुंजून 26 मार्चच्या रात्री ते हुकुमाने निघाले. तीच सेना, तेच महिने. जागा आक्रसली की छत्री कामाची राहत नाही.

नाम बाक पडल्यावर आठवडाभरात, 21 जानेवारीला, सीमेपलीकडे व्हिएतनाममधल्या खे सान्ह या अमेरिकी तळाचा वेढा सुरू झाला. जगभरचे पत्रकार तिथे धावले, म्हणून नाम बाक कोणाच्या लक्षात राहिलं नाही. खे सान्ह 77 दिवस टिकलं. त्याचं श्रेय सगळे बी-52 या बाँबफेकी विमानांना देतात, द्यावंच. पण तिथल्या मरीन सैनिकांनी 881 दक्षिण, 861 असे डोंगर पहिल्यापासून धरले होते. 881 दक्षिणवरचे लोक पलीकडच्या तोफा उडताना बघून खाली तळाला वायरलेसवर सावध करायचे. गोळा पडायच्या आत खालची माणसं खंदकात गेलेली असायची. नाम बाकच्या डोंगरांवरूनही हे व्हायला हवं होतं. आणि गंमत म्हणजे एवढं करून राखलेला खे सान्हचा तळ अमेरिकनांनी जुलैमध्ये स्वतःच मोडून टाकला.

नाम बाकनंतर शाही सेना पुन्हा सावरली नाही. तिच्या चांगल्या पलटणी तिथे गेल्या होत्या, आणि पुढची वर्षं लढाईचा भार सेनापती वांग पाव यांच्या टोळ्यांवर, म्हणजे डोंगराळ ह्मोंग जमातीच्या तुकड्यांवर, पडला. टोळीला टोळीसारखं लढू न देता तिला जागा धरायला लावायचं, हा तोच प्रयोग मग त्यांच्यावर झाला.

तुम्ही विचारलं नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी विचारेलच: तिथल्या सेनापतीने काय करायला हवं होतं? माझ्या मते ऑक्टोबर 1967 मध्ये निघून जायला हवं होतं. वाटा सुकायच्या आत, विमानं अजून उतरत होती तेव्हा, आधी तोफा आणि जखमी, मग पलटणी. हे शक्य नव्हतं असं म्हणू नका. त्याच प्रदेशात ना सान नावाचं खोरं आहे. फ्रेंचांनी तिथे 1952 च्या शेवटी डोंगर धरून व्हिएत मिन्हला चांगला मार दिला, आणि 1953 च्या ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात, आम्ही कुमक आणतोय अशी हूल उठवून सगळा तळ विमानांनी गुपचूप रिकामा केला. शत्रूला कळेपर्यंत खोऱ्यात कोणी उरलं नव्हतं. फ्रेंच सेनापतींनी त्यातून 'खोरं विमानांवर धरता येतं' एवढंच उचललं आणि तीन महिन्यांनी दिएन बिएन फूला जाऊन बसले. रिकामा कसा केला, त्यांची विमानं कोणत्या क्रमाने भरली गेली, शेवटच्या रात्री धावपट्टीवर पहारा कोणाचा होता, हे मात्र नीट शिकवलेलं मी कुठल्याही वर्गात ऐकलं नाही. आणि मी बऱ्याच वर्गांत बसलो आहे.